ऑडॅसिटी : कीर्तन, व्याख्यान आणि घुमट आरतीच्या रेकॉर्डिंगसाठी कितपत उपयोगी?

सभामंडपात फोनवर घेतलेले कीर्तन घरी येऊन ऐकले की तीन दोष हमखास सापडतात : पंख्याची घरघर, लाद्यांवरून आणि भिंतींवरून परतलेला घुमारा, आणि गजराच्या वेळी फाटलेला आवाज. ऑडॅसिटी हे संगणकावरचे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर पहिल्या दोषावर उत्तम काम करते, तिसऱ्यावर थोडेफार, आणि दुसऱ्यावर जवळजवळ काहीच करत नाही. एवढे आधी माहीत असले तरी कितीतरी मंडळांचे तास वाचतील.

गोव्यात उत्सवातली नाटके, कीर्तने, चवथीच्या आरत्या, वाचनालयांतली व्याख्याने यांचे रेकॉर्डिंग आता गावोगाव होते. पण ते कच्चेच ग्रुपवर जाते, आणि ज्या वयस्कर माणसांसाठी ते मुद्दाम पाठवले त्यांनाच त्यातले शब्द लागत नाहीत. ते शब्द लागावेत एवढ्या एका कसोटीवर हे परीक्षण लिहिले आहे. संगीत निर्मितीसाठी हे सॉफ्टवेअर कसे, हा वेगळा विषय.

ऑडॅसिटी पूर्णपणे मोफत आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते, फोनवर नाही. डॉमिनिक मझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये त्याचे काम सुरू केले, २००० मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले, आणि २०२१ पासून ते म्यूज ग्रूप या कंपनीकडे आहे. परवाना मुक्त असल्याने मंडळाच्या दहा संगणकांवर टाकले तरी कोणाला काही द्यायचे नाही. उतरवताना अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. त्याच नावाने नको त्या गोष्टी गळ्यात बांधणारी पाने शोधयादीत वर दिसतात. भाषांच्या यादीत मराठी आहे, तरी मेनू इंग्रजीतच ठेवलेला बरा, कारण मदतीची पाने आणि व्हिडिओ इंग्रजी नावांनीच चालतात. पुढचे सगळे ३.७ या आवृत्तीला धरून आहे.

सुरुवात डिस्कवरच्या जागेपासून. प्रकल्पात ध्वनी ३२ बिट फ्लोटमध्ये साठतो. ४८ किलोहर्ट्झचा मोनो (एकाच चॅनलचा) ट्रॅक मिनिटाला साधारण साडेअकरा एमबी घेतो, म्हणजे दीड तासाचे कीर्तन सुमारे एक जीबी. पूर्ण ट्रॅकवर प्रत्येक इफेक्ट लावला की मागे फिरता यावे म्हणून तितकीच नवी जागा जाते. आठ पायऱ्या केल्या तर नऊ जीबी. जुन्या लॅपटॉपवर मध्येच डिस्क भरते आणि प्रकल्प बिघडतो, म्हणून हिस्ट्रीच्या खिडकीतून जुन्या पायऱ्या टाकत जा आणि वीस जीबी मोकळे असल्याशिवाय हात घालू नका. पेन ड्राइव्हवर प्रकल्प उघडून काम करणे तर टाळाच.

फोनच्या एम४ए फाइल विंडोजवर उघडायच्या तर एफएफएमपेग हे साहाय्यक पॅकेज वेगळे बसवावे लागते. एकदाच करायचे काम आहे, पण नवख्या माणसाला 'फाइल उघडत नाही' या पाटीवरच वाटते की सॉफ्टवेअर बिघडले.

फाइल उघडली की कोणताही इफेक्ट लावण्याआधी डावा आणि उजवा चॅनल वेगवेगळे ऐका. साउंडवाल्याच्या मिक्सरच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) आउटपुटमधून रेकॉर्डरच्या ३.५ मिलिमीटर स्टीरिओ पिनमध्ये केबल घातली असेल तर एक खास घोटाळा झालेला असतो. बॅलन्स्ड केबलमधल्या दोन तारांवर तोच सिग्नल एकमेकांच्या उलट जात असतो; स्टीरिओ पिन त्यातली एक तार डावीकडे आणि दुसरी उजवीकडे नेते. इअरफोनवर आवाज पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो. फोनच्या एका स्पीकरवर किंवा मोनो ब्लूटूथ स्पीकरवर दोन्ही बाजू एकत्र आल्या की बुवांचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि फक्त खरखर उरते. फाइल खराब आहे असे समजून ती पुसून टाकणारे लोक आहेत! उपाय अर्ध्या मिनिटाचा : ट्रॅकच्या मेनूतून स्टीरिओ फोडून दोन मोनो करा आणि एक सरळ काढून टाका. दोघांत सिग्नल तोच आहे, काही गमावत नाही. केबल बरोबर असेल तर साधे मोनोत मिसळा. एका वक्त्याच्या भाषणाला स्टीरिओची गरज नसते.

मग खालचा पट्टा कापायचा. हाय-पास फिल्टर (दिलेल्या आकड्याखालचे स्वर अडवणारी चाळणी), पुरुषाच्या आवाजाला ८० हर्ट्झ, बाईंच्या आवाजाला १०० ते १२०, उतार २४ डेसिबल प्रति सप्तक. माइकच्या स्टँडला लागलेला पाय, टेबलावरचा हात, मंडपात शिरलेला वारा, दूरचा जनरेटर असा बराच कचरा इथेच जातो, आणि पुढच्या कॉम्प्रेसरला (मोठा आवाज दाबून लहानाच्या जवळ आणणारा इफेक्ट) त्या अदृश्य धक्क्यांवर उड्या मारायची पाळी येत नाही. साथीला तबला किंवा पखवाज असेल तर ६० हर्ट्झच्या वर जाऊ नका, नाहीतर डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.

विजेची गुणगुण उरली असेल तर नॉच फिल्टर, म्हणजे एकाच आकड्यावर खाच पाडणारा. त्यात मुळात ६० हर्ट्झ भरलेले येते, कारण अमेरिकेतली वीज ६० ची. आपली ५० ची. हा आकडा बदलायचा राहिला की 'फिल्टर काही करत नाही' अशी तक्रार होते. खाचेची रुंदी ठरवणारा क्यू १ वरून १० च्या आसपास न्या म्हणजे खाच अरुंद राहते. अनेकदा गुणगुण ५० वर नसून १००, १५०, २०० वर असते. प्लॉट स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या हर्ट्झला किती जोर ते दाखवणारा आलेख) आकार १६३८४ ठेवला की टोके स्वच्छ दिसतात, मग जिथे टोक तिथेच खाच. चारापेक्षा जास्त टोके असतील तर ते काम नॉइज रिडक्शनवर सोपवावे.

लोक ऑडॅसिटी घेतात ते नॉइज रिडक्शनसाठी, आणि सर्वांत जास्त रेकॉर्डिंग त्यानेच बिघडतात. पद्धत सोपी आहे. कोणी बोलत नाही असा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून त्याचा नमुना घ्यायचा, मग सगळा ट्रॅक निवडून इफेक्ट लावायचा. मुळात संवेदनशीलता ६ असते. लोक घट २० वर नेतात, पंखा पूर्ण गेला म्हणून खूश होतात, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा का वाटतो ते त्यांना कळत नाही.

मराठीसाठी हा धोका विशेष मोठा आहे. ख, घ, थ, ध, फ, भ यांतला महाप्राण म्हणजे व्यंजनामागून येणारा श्वास. तो क्षीण असतो, बऱ्याच रुंद पट्ट्यात पसरलेला असतो, आणि त्याला नेमका सूर नसतो. पंख्याच्या आवाजाचे वर्णनही नेमके असेच करावे लागते. गणिताला दोघांत फरक दिसत नाही. जास्त घट लावली की 'भक्त' चा 'बक्त' होतो, 'धाव' चा 'दाव', आणि वाक्याच्या शेवटचा 'आहे' हा 'आए' होऊन विरतो. इंग्रजी भाषणावर बेतलेले व्हिडिओ पाहून तेच आकडे इथे लावले तर नेमके हेच हातात येते. मराठीला ६ ते ८ डेसिबल घट आणि संवेदनशीलता ४ ते ५ पुरे. पंखा थोडा ऐकू येत राहील, येऊ दे. कानाला सतत एकसारखा आवाज दोन मिनिटांत ऐकू येईनासा होतो, पण तुटलेला शब्द दर वेळी टोचतो.

या इफेक्टमध्ये 'रेसिड्यू' नावाचा पर्याय आहे, आणि तो या सॉफ्टवेअरमधला माझ्या मते सर्वांत मोलाचा चौकोन आहे. तो निवडून प्रिव्ह्यू दाबला की जे काढले जाणार आहे तेच ऐकू येते. त्यात फक्त घरघर असेल तर ठीक. त्यात कुजबुजल्यासारखे शब्द लागत असतील तर तुम्ही बुवांचा आवाज फेकून देत आहात. संवेदनशीलता एकेक करून खाली आणा.

नमुना कुठून घ्यायचा हेही महत्त्वाचे. फोन आणि स्वस्त रेकॉर्डर शांततेत आवाज आपोआप चढवतात आणि बोलणे सुरू झाले की उतरवतात. कीर्तन सुरू होण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात पंखा म्हणूनच मोठा ऐकू येतो. तो नमुना घेतला तर यंत्राला खऱ्यापेक्षा मोठा पंखा दाखवल्यासारखे होते आणि ते शब्दही खाते. दोन वाक्यांमधली, श्वास घेण्यापूर्वीची पाव-अर्धा सेकंदाची जागा शोधा. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग ॲपमधली स्वयंचलित पातळी बंद करा, हे त्याहून चांगले. पूर्वरंगानंतर कोणी पंखा वाढवला असेल तर तिथून नवा नमुना, नवी घट.

पावसाला मात्र हे लागू नाही. पत्र्यावरचा पाऊस क्षणाक्षणाला बदलतो आणि त्याचा जोर साधारण व्यंजनांच्याच पट्ट्यात असतो. कावळे, फटाके, बाहेरून गेलेली बुलेट यांनाही नाही. नमुना एक आणि आवाज दुसरा, असे चालत नाही.

नॉइज गेटही आहे, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज दाबणारा इफेक्ट. लावायचाच तर पातळी १० ते १२ डेसिबलनेच खाली जाऊ द्या. पूर्ण शांतता केली की प्रत्येक वाक्यागणिक सभामंडप गायब होतो आणि परत येतो, ऐकणारा दमतो.

स्पष्टतेसाठी फिल्टर कर्व्हमध्ये (वेगवेगळ्या पट्ट्यांची पातळी बदलणारा इफेक्ट) दोनच जागा बघायच्या. २०० ते ४०० हर्ट्झ दरम्यान ३ डेसिबल कमी केले की कोंदलेला आवाज मोकळा होतो. २.५ ते ४ किलोहर्ट्झला २ ते ३ डेसिबल वाढवले की व्यंजने पुढे येतात. याच्या वर ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये स आणि श राहतात, आणि 'चमचा' मधला दंत्य च सुद्धा. ते आधीच टोचत असतील तर वाढवू नका. या सॉफ्टवेअरच्या मूळ पाकिटात डी-एसर (टोचणारे स-श दाबणारा इफेक्ट) नाही, ही उणीव आहे. बाहेरचा मोफत व्हीएसटी (वरून जोडायचा इफेक्ट) बसवता येतो, किंवा त्या पट्ट्यात २ डेसिबल उतरवून काम भागवावे.

आता कॉम्प्रेसर. ३.६ पूर्वीच्या आवृत्त्यांतला कॉम्प्रेसर भाषणाला जवळजवळ निरुपयोगी होता. त्याचा अटॅक, म्हणजे आवाज दाबायला लागणारा वेळ, ०.१ सेकंदाच्या खाली जात नसे, तोवर अख्खे अक्षर निघून जाई. २०२४ मध्ये आलेल्या ३.६ ने तो बदलला आणि किती दाबले जात आहे ते आलेखावर दिसू लागले. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी केवळ यासाठी नवी घ्यावी. भाषणाला उंबरठा (जिथून दाबणे सुरू होते ती पातळी) सर्वांत उंच टोकांच्या खाली १२ ते १५ डेसिबल, प्रमाण ३ ला १, अटॅक ५ ते १० मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायचा वेळ) १५० ते २००. क्रम लक्षात ठेवा : आधी नॉइज रिडक्शन, मग कॉम्प्रेसर. उलटे केले की कॉम्प्रेसर पंख्याला उचलून शब्दांच्या बरोबरीला आणतो, आणि मग नमुनाही स्थिर राहत नाही.

कीर्तनात निरूपण हळू आणि गजर जोराचा. सगळे कॉम्प्रेसरवर टाकले तर गजरानंतरचा पहिला शब्द दबलेला निघतो. एन्व्हलप टूलने गजराचे भाग हाताने ५-६ डेसिबल खाली घ्या, मग कॉम्प्रेसर लावा. दीड तासाच्या कीर्तनात असे सहा-सात भाग असतात, वीस मिनिटांचे काम आहे, आणि फरक कोणालाही कळतो.

घुमट आरतीचे गणित निराळे. तिथे घुमटाची, म्हणजे मातीच्या घटाला चामडे लावलेल्या वाद्याची, थाप हाच जीव आहे. ५ मिलिसेकंदांचा अटॅक त्या थापेचे टोकच खुडतो आणि घुमट मऊ, लांबून वाजल्यासारखे होते. अटॅक ३० मिलिसेकंदांपर्यंत वाढवा, प्रमाण २ ला १ च ठेवा. कांसाळ्यांची (काशाच्या झांजांची) चमक स-श च्या पट्ट्यात येते, त्यामुळे गाणाऱ्यांचे शब्द पुढे आणायला वरचा पट्टा वाढवला की कांसाळेच वाढते. अशा वेळी २ ते ३ किलोहर्ट्झच्या वर हात लावू नये. नॉइज रिडक्शन तर इथे वापरूच नका; दहा माणसे, घुमट आणि शामेळ (साथीचे तालवाद्य) जोरात चालू असताना पंखा कोणाला ऐकू येतो?

शेवटची पातळी लाउडनेस नॉर्मलायझेशनने लावा. त्यात मुळात उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा सरासरी जोर मोजायचे एकक) असते, ते युरोपीय प्रसारणाचे प्रमाण. फोनवर फार हळू वाटते. उणे १६ ठेवा, मोनोला दुहेरी मोनो समजण्याची खूण चालू ठेवा, आणि मागून लिमिटर (टोके एका मर्यादेत रोखणारा) उणे १ डेसिबलवर. नॉर्मलायझेशननंतर लाटा शून्य डेसिबल या कमाल पातळीच्या वर गेलेल्या दिसल्या तरी घाबरू नका, ३२ बिट फ्लोटमध्ये त्या शाबूत असतात. लिमिटर न लावता निर्यात केली तर मात्र कापल्या जातात.

फाटलेल्या आवाजासाठी क्लिप फिक्स आहे. एखाद्या टाळीवर किंवा एका जोरकस 'विठ्ठल' वर टोक कापले गेले असेल तर ते बऱ्यापैकी शिवून देते. पण अख्खा गजर कापलेला असेल तर लाटेचा आकारच हरवलेला असतो. एक सावधगिरी : ट्रॅकवरच्या लाल रेघा फक्त शून्य डेसिबलला लागलेली टोके दाखवतात. मिक्सरच्या इनपुटलाच आवाज फाटला असेल आणि पुढे पातळी उतरवली असेल, तर लाल काहीच दिसत नाही, पण मोठे करून पाहिले की टोके सुरीने कापल्यासारखी सपाट असतात.

घुमारा काढण्याचे साधन ऑडॅसिटीत नाही, आणि तो कोणताही नमुना घेऊन जात नाही, कारण तो बुवांचाच आवाज आहे, थोड्या उशिराने आलेला. याचे उत्तर रेकॉर्डिंगच्या वेळीच द्यावे लागते. माइकचे अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. दीड मीटरवर खांबाला टेकवलेला फोन २० सेंटिमीटरवर आणला तर तब्बल १७-१८ डेसिबलचा फायदा. एवढा कोणताही इफेक्ट देणार नाही. उपरण्याला लावायचा साधा कॉलर माइक फोनला जोडला तरी निम्मे परीक्षण अनावश्यक होते.

इंटेलने दिलेले ओपनव्हिनो नावाचे मोफत प्लगइन बसवले तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे नॉइज सप्रेशन मिळते, तेही इंटरनेटशिवाय. बदलत्या आवाजावर ते मूळ साधनापेक्षा पुष्कळ चांगले आहे, पावसातल्या व्याख्यानाला जरूर करून पाहा. मात्र त्याला माणसाचे बोलणे तेवढे ओळखता येते. हार्मोनियमच्या स्वरांचे ते लचके तोडते. म्हणून पद आणि अभंग वगळून फक्त निरूपणाच्या भागांवर लावा.

जुन्या कॅसेट हा वेगळा अध्याय आहे, पण इतके सांगायलाच हवे : आपल्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते, ती पुसल्याशिवाय वाजवू नका, हेडला चिकटते. वाजवताना हेडशेजारचा लहान स्क्रू अगदी थोडा फिरवून, मोनोत ऐकत, आवाज सर्वांत उजळ होईल तिथे ठेवा. हेड तिरके राहिले तर वरचे स्वर फाइलमध्ये येतच नाहीत, आणि जे आलेच नाही ते कोणताही इक्वलायझर परत आणत नाही. फितीची सूसू स-श च्या पट्ट्यातच असते, त्यामुळे इथे घट ६ च्या वर नको. वेग चुकला असेल आणि त्या फितीत वाजलेली हार्मोनियम अजून मंडळात असेल, तर तिची काळी एक रेकॉर्ड करून दोन्हींची टोके स्पेक्ट्रममध्ये ताडून पाहा. हार्मोनियमवर २७७ हर्ट्झ आणि फितीवर २८५ आले, तर वेग २.८ टक्के कमी करायचा.

तयार फाइल देवळाच्या भोंग्यावर वाजवायची असेल तर वेगळी प्रत काढा. भोंगा खालचे स्वर देऊच शकत नाही, ते फक्त त्याच्या युनिटला तापवतात. २५० ते ३०० हर्ट्झवर हाय-पास आणि ३ किलोहर्ट्झच्या आसपास हलकी उठावणी. जुना टेलिफोन ३०० ते ३,४०० हर्ट्झमध्येच सगळे बोलणे नेत असे, तेव्हा शब्द कळायला एवढे पुरते. शब्द स्पष्ट असले की आवाज कमी ठेवता येतो, आणि शेजारच्या घरात परीक्षेचा अभ्यास चाललेला असतो तेव्हा हे महत्त्वाचे आहे.

३.२ पासून बरेच इफेक्ट ट्रॅकला हात न लावता, ऐकता ऐकता बदलता येतात. नॉइज रिडक्शन त्यांत नाही, ते कायमचे कोरले जाते, म्हणून त्याआधी प्रकल्पाची प्रत काढून ठेवा. पूर्वरंग, उत्तररंग, आरती असे भाग लेबल लावून एका झटक्यात वेगळ्या फाइलींत काढता येतात. नावे देवनागरीत दिली तरी चालतात.

निर्यात मोनो एमपी३ मध्ये ९६ केबीपीएसला करा. तासाला सुमारे ४३ एमबी होतात. ६४ ला २९ एमबी होतात खरे, पण टाळ वाजले की ते पाण्यात बुडवल्यासारखे ऐकू येतात. ग्रुपवर पाठवण्याआधी फाइल इअरफोनवर नको, एखाद्या साध्या फोनच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात पंखा चालू ठेवून ऐका, आणि मूळ कच्ची फाइल कधीही पुसू नका.